मुक्त सॉफ्टवेअरचा कट्टा कोण चालवणार?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्यांना एक वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली; पण त्याने मूळ प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला इतकेच. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच असा अंदाज वर्तवला होता की, या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणकांची रवानगी भंगारात होऊ शकते.

आपल्याकडे या आकड्याचा अर्थ काय? शाळेच्या संगणक कक्षात देणगीतून आलेले दहा-बारा संच, सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या नोंदीसाठी ठेवलेला एकुलता एक संगणक, झेरॉक्सच्या दुकानातला, लहानशा दवाखान्यातला, कॉलेजात जाणाऱ्या मुलाला थोरल्या भावाकडून मिळालेला लॅपटॉप, हे सारे त्या हिशेबात येतात. यंत्र चालते आहे, पडदा उजळतो आहे, कळफलकावरची दोन-चार अक्षरे झिजली असली तरी टंकलेखन होते आहे. केवळ प्रणालीची मुदत संपली म्हणून ते टाकून द्यायचे का?

टाकून देण्याची गरज नाही. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू, मिंट, डेबियन यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रावर समाधानकारक चालतात आणि त्यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही नियमित येतात. त्यांची मूळ आज्ञावली खुली असते. ती कुणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अशी परवान्यातच मुभा असते. असे असूनही बहुसंख्य लोक या वाटेने जाणार नाहीत. त्यांचा ओपन सोर्सला तात्त्विक विरोध आहे असे नाही. ‘प्रिंटर चालेल ना?’, ‘माझे फोटो राहतील ना?’, ‘मराठी टाइप होईल ना?’ या तीन प्रश्नांना समोर बसून उत्तर देणारा माणूस त्यांच्या आसपास नाही, ही खरी अडचण आहे. असा माणूस ज्या ठिकाणी भेटावा, त्याला जगभर ‘युजर ग्रुप’ म्हणतात. आज आपल्या शहरांत सॉफ्टवेअर अभियंत्यांची वाण नाही. असे गट मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

सीडीच्या काळातील गट

वापरकर्त्यांनी एकत्र येण्याची प्रथा ओपन सोर्सहून जुनी आहे. आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्यांनी १९५५ साली अमेरिकेत ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला आणि आपापल्या आज्ञावली एकमेकांना देण्यास सुरुवात केली. मार्च १९७५मध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली, पुढे ‘ॲपल’चा पहिला संगणक स्टीव्ह वॉझ्नियॅकने याच मंडळींपुढे मांडला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला, आणि त्यानंतर काही वर्षांतच गावोगावी लिनक्सचे गट उभे राहू लागले.

भारतात ही लाट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटवर अख्खी प्रणाली उतरवून घेणे अशक्यप्राय होते. ‘पीसी क्वेस्ट’सारख्या मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी हाच अनेकांचा पहिला परिचय. ती सीडी घालून संगणक बंद पडला, की धावायचे कुठे? मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळुरू, दिल्ली येथील गट या गरजेतून वाढले. महिन्यातून एकदा एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात जमायचे, कुणाची सीडी कुणाला द्यायची, कुणाचा मोडेम चालत नसेल तर तो सगळ्यांनी मिळून चालवायचा, असा तो साधा व्यवहार होता. गोव्यात याच सुमारास ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’च्या माध्यमातून परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना देण्यात आले आणि त्यांवर लिनक्स बसवण्यासाठी स्थानिक वापरकर्त्यांनी हातभार लावला. जुन्या यंत्राला मुक्त प्रणालीने नवे आयुष्य देण्याची आज चर्चेत असलेली कल्पना आपल्या शेजारी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच राबवून झाली आहे.

पुण्यात ‘प्लग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिनक्स युजर ग्रुपने सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेबरोबर ‘ग्नुनिफाय’ हा वार्षिक मेळावा उभा केला. विद्यार्थ्यांनी संयोजन करायचे आणि जाणत्यांनी शिकवायचे, ही त्याची रीत. त्यातून कितीतरी तरुण पहिल्यांदा श्रोत्यांसमोर उभे राहिले. बंगळुरूत २००१ साली सुरू झालेली ‘लिनक्स बंगलोर’ परिषद २००५पासून ‘फॉस डॉट इन’ झाली आणि २०१२मध्ये थांबली.

विजयानंतरची ओहोटी

गट ओसरले त्याला लिनक्सचे अपयश कारण नव्हते. उलट, लिनक्स जिंकल्यामुळे गटांची गरज संपली असे लोकांना वाटू लागले. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. नोव्हेंबर २०१७पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. नोकरीच्या जाहिरातीत लिनक्सचे ज्ञान मागितले जाऊ लागल्यावर त्याच्या प्रचाराची आवश्यकता कुणाला वाटेनाशी झाली. उबुंटूच्या मोफत सीडी घरपोच पाठवण्याची योजना २००५मध्ये सुरू झाली व २०११मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि सीडीसाठी कुणाच्या दारी जाण्याचे कारणच उरले नाही. शंका असली तर व्हिडिओ पाहावा, अशी सवय लागली. २०२०च्या टाळेबंदीने उरल्यासुरल्या प्रत्यक्ष बैठकाही बंद केल्या.

मध्यंतरी तंत्रज्ञांच्या भेटीगाठी वाढल्या, हे खरे. परंतु त्यांतील पुष्कळशा कंपन्यांच्या सभागृहांत, कंपन्यांच्या खर्चाने आणि नोकरभरतीच्या हेतूने होतात. त्यात वाईट काही नाही. मात्र तेथे येणारा माणूस आधीच तज्ज्ञ असावा लागतो. शाळेतले शिक्षक, ग्रंथपाल, निवृत्त बँक कर्मचारी, डीटीपी करणारी मुलगी यांना त्या सभागृहात जागा नसते. जुन्या गटांत ती होती.

याचा परिणाम काय झाला, हे एका विसंगतीतून दिसते. गिटहबच्या २०२४च्या वार्षिक अहवालानुसार विकसकांच्या संख्येत अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. तरीही मुक्त सॉफ्टवेअर फुकट वापरणारे आपल्याकडे लाखोंनी आणि त्याची निगा राखणारे तुलनेने थोडे, ही तक्रार या क्षेत्रातील जाणकार सतत करत आले आहेत. वापरणारा आणि निगा राखणारा यांच्यामधली पायरी वर्गात शिकवली जात नाही. चूक कशी नोंदवावी, दुसऱ्याचा कोड सौम्य शब्दांत कसा सुधारावा, आपली दुरुस्ती नाकारली गेली तर पुन्हा कशी पाठवावी, ही कौशल्ये कुणाच्या तरी शेजारी बसून आत्मसात होतात.

मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ प्रकरणाने या एकाकीपणाची किंमत जगाला दाखवली. असंख्य लिनक्स प्रणालींत वापरले जाणारे हे छोटेसे साधन अनेक वर्षे जवळजवळ एकच माणूस, तोही विनावेतन, सांभाळत होता. तो थकला होता. मदतीच्या मिषाने आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने सुमारे दोन वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि त्यात चोरवाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, म्हणून ती वेळीच उघडकीस आली. मुक्त सॉफ्टवेअर हवेतून येत नाही, माणसांच्या श्रमांवर ते उभे असते. त्या माणसांना सोबती मिळाले नाहीत, तर जगाच्या पायाभूत व्यवस्थेलाच धोका पोहोचू शकतो, हा त्याचा धडा.

मराठीचे काय?

मराठी वापरकर्त्यासाठी हा मुद्दा अधिक जवळचा आहे. संगणकावर मराठी दिसू लागली त्यामागे मोठ्या कंपन्यांइतकाच छोट्या गटांचा हात आहे. मुंबईतील ‘इंडिकट्रान्स’च्या कार्यकर्त्यांनी मुक्त प्रणालींचे मराठीकरण हाती घेतले. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील भाषा-विभागाने ‘लोहित’ हे मुक्त टंक सांभाळले, आणि वारंवार येणाऱ्या संगणकीय शब्दांचे प्रतिशब्द प्रत्येक भाषेत एकसारखे असावेत, यासाठी २००८ साली ‘फ्यूएल’ हा प्रकल्प सुरू झाला. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांची मराठी रूपे उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता व बलू, आयआयटी मुंबईचे ‘शोभिका’ ही मुक्त परवान्यावरील टंकांची ठळक उदाहरणे. आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकवले.

हे काम एकदा करून संपत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत फरक आहे, तो टंकाने दाखवला पाहिजे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे नकोत. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मेनूतील शेकडो वाक्ये नव्याने भाषांतरित करावी लागतात. ती वेळेवर झाली नाहीत तर अर्धा पडदा मराठी आणि अर्धा इंग्रजी अशी अवस्था होते, आणि वैतागलेला वापरकर्ता मराठीच बंद करून टाकतो. परदेशात बसलेल्या कोणत्याही अभियंत्याला यातले काही दिसणार नाही. ते मुद्रितशोधकाला, मराठीच्या शिक्षकाला, रोज टंकलेखन करणाऱ्याला दिसते. पण ‘ही चूक आहे’ हे नेमके कुठे व कसे कळवायचे, हे त्यांना ठाऊक नसते. ज्याला ते ठाऊक आहे त्या प्रोग्रॅमरला ‘आचाऱ्यां’चा ‘ऱ्या’ अनेकदा खटकत नाही. या दोघांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवणे, हे गटाचे काम आहे. आणि ते दुसरे कुणी करण्याची शक्यता कमी दिसते.

गट वाढतो कशाने?

लिनक्स युजर ग्रुप कसा चालवावा, याची एक मार्गदर्शिका नव्वदच्या दशकापासून उपलब्ध आहे. तिच्यातील सल्ल्याचे सार आपल्या व्याख्यानमालांच्या जुन्या संयोजकांना नवे वाटणार नाही. तारीख ठरलेली हवी, जागा ठरलेली हवी आणि एकापेक्षा अधिक खांदे हवेत. चेन्नईच्या गटाने वर्षानुवर्षे आयआयटी मद्रासच्या आवारात ठरल्या शनिवारी मासिक बैठक घेतली, हे त्याच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण मानावे लागेल. कोण बोलणार आहे हे पाहून बैठक ठरवायची म्हटले, की वक्ता मिळेपर्यंत बैठक होत नाही. ‘पहिला रविवार म्हणजे बैठक’ हे एकदा अंगवळणी पडले, की चार माणसे आली तरी ती बैठकच असते.

जागेची अडचण सांगितली जाते. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये आहेत. त्यांतील कित्येकांना वाचक हवे आहेत, तरुण वाचक तर विशेषच. महिन्यातून एक दुपार वाचनालयाचे दालन, एक विजेचा बोर्ड आणि चहा, यापलीकडे गटाच्या गरजा फारशा नसतात. त्या बदल्यात वाचनालयाचा जुना संगणक गटाने दुरुस्त करून द्यावा. हा व्यवहार दोघांच्याही हिताचा आहे.

तिसरी गोष्ट नवख्याच्या स्वागताची. डोंगर चढणारी आपल्याकडची मंडळे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुळक्यावर नेत नाहीत, सिंहगडावर नेतात. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आजही टिकून आहे. आकाशदर्शनाला आलेल्या नवख्या माणसाने दुर्बिणीला डोळा लावावा, गणित पुढे पाहू, अशी अशा संस्थांची रीत असते. ओपन सोर्सच्या गटात अनेकदा याच्या उलट घडते. नवखा एक साधा प्रश्न विचारतो आणि दोन जाणते कोणती प्रणाली श्रेष्ठ, यावर तासभर भांडतात. व्हॅल हेन्सन यांनी २००२ साली लिनक्सच्या गटांत स्त्रियांचा सहभाग कसा वाढवावा, यावर एक टिपण लिहिले. त्यातील एक सूचना अशी की, शिकणाऱ्याच्या हातातून कळफलक काढून घेऊ नका. ती सूचना स्त्रियांपुरती नाही, सर्वांनाच लागू आहे. ज्याच्या हातून प्रणाली बसवली गेली तो पुढच्या महिन्यात परत येतो. ज्याला ती बसवून दिली गेली, तो बिघाड झाल्यावरच येतो. बैठकीची वेळ रात्रीची, जागा आडबाजूची आणि विनोद टवाळ असतील, तर स्त्रिया येत नाहीत म्हणून आश्चर्य करण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची. प्रचाराच्या भरात लिनक्सवर सारे काही चालते असे सांगितले, की गटाची पत जाते. टॅलीवर हिशेब ठेवणारा व्यापारी, जुन्या बिगर-युनिकोड टंकांत वर्षानुवर्षांचा मजकूर साठवलेला छापखाना, डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण रोज वापरणारा कर सल्लागार, यांना सरसकट प्रणाली बदलायला लावणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होय. त्यांना ‘तुम्ही तूर्त थांबा’ असे सांगावे. ज्याचे काम ब्राउझर, पत्रलेखन, तक्ते आणि चित्रपट यांत भागते, त्याच्यापासून सुरुवात करावी. संगणक आणण्याआधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून आणायला सांगावे. आधी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कळफलक तपासावेत आणि मगच डिस्कला हात लावावा. एका शिक्षकाचा संगणक नीट चालला, तर तो शाळेतील पाच जणांना सांगतो. याहून परिणामकारक जाहिरात नाही.

शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे दुसरी फळी. बहुतेक गट एका उत्साही माणसाच्या बळावर चालतात आणि त्याची बदली झाली, तो परदेशी गेला किंवा घरसंसारात गुंतला, की बंद पडतात. म्हणून दर बैठकीचा संयोजक वेगळा असावा, दालनाची किल्ली दोघांकडे असावी, आणि हिशेब, पत्ते, संपर्क एकाच्या खिशात राहू नयेत.

शासन आणि समाज

हे सारे शासनानेच का करू नये? केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. सी-डॅकने २००७मध्ये ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली आणली. २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेल्या ‘माया’ प्रणालीकडे वळण्याचा निर्णय घेतल्याची बातमी आली. पण धोरण आणि वापर यांतले अंतर मोठे असते. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३च्या निर्णयानुसार सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताने २०२४मध्ये ३० हजार संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याची घोषणा केली. निर्णय इकडून तिकडे फिरू शकतात. टिकतात ती वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली कौशल्ये.

केरळचे उदाहरण म्हणूनच वेगळे ठरते. भारतातील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची सुरुवात २००१ साली तिरुवनंतपुरम येथे झाली. ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पही त्याच काळातला. तेथे स्वयंसेवक, शिक्षक आणि शासन एकत्र आले, हजारो शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालींवर गेले. २००२मध्ये सुरू झालेला ‘स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग’ हा गट भाषेचे काम पाहू लागला. महाराष्ट्रात ‘एमएस-सीआयटी’ने लाखो लोकांना संगणक साक्षर केले, ही मोठीच कामगिरी; परंतु त्यांतील बहुतेकांची ओळख विंडोज आणि ऑफिस यांच्यापाशीच थांबली. दोन्ही राज्यांत संगणक पोचले. केरळात संगणकाबरोबर तो उघडून पाहणारा समाजही घडत गेला.

आशेला जागा आहे. ‘फॉस युनायटेड’ या संस्थेच्या प्रयत्नांतून अलीकडच्या काही वर्षांत शहराशहरांत पुन्हा बैठका भरू लागल्या आहेत. त्यांत मुंबई-पुणेही आहेत. ‘ईआरपीनेक्स्ट’सारखे मुक्त सॉफ्टवेअर घडवणारी ‘फ्रॅपे’ ही मुंबईचीच कंपनी. मुक्त सॉफ्टवेअरवर व्यवसायही उभा राहतो, हे तिने दाखवले आहे. ही नवी मंडळी तरुण आहेत, तरबेज आहेत. त्यांनी एकच पथ्य पाळावे: बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासात खोलीत प्रोग्रॅमर नसलेला किमान एक माणूस असावा आणि त्याचा प्रश्न आधी घ्यावा.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा छापील ज्ञान थोड्यांच्या हाती होते, आणि ते ऐकायला लोक एकत्र येत. आज संगणकाची आज्ञावली खुली आहे, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी ती वाचणारे थोडेच आहेत. विंडोजची मुदत संपलेले संगणक भंगारवाल्याकडे जातील, की पुढची पाच वर्षे शाळेतल्या मुलांच्या हाताखाली राहतील, याचा निर्णय कोणत्याही कंपनीच्या मुख्यालयात होणार नाही. एखाद्या वाचनालयात, एखाद्या रविवारी दुपारी, कुणीतरी दालनाचे कुलूप वेळेवर उघडले की नाही, यावर तो ठरेल.